लाखोळीतील विषांशाचा आनुवंश : एका बदनाम पिकाच्या संशोधनाचा इतिहास

नागपूरच्या पूर्वेस भंडारा व गोंदिया, आणि दक्षिणेस चंद्रपूर व गडचिरोली, या धानाच्या मुलुखात आश्विन-कार्तिकाच्या संधीला एक चमत्कारिक पेरणी चालते. बांध्यांत धान उभे असते, ओंब्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात, आणि पायाखालच्या ओल्या चिखलात शेतकरी लाखोळीचे बी फेकून देतो. नांगरट नाही, वखरणी नाही, खत नाही. दोन-तीन आठवड्यांनी धान कापले जाते तेव्हा त्याच्या थोटांतून लाखोळीचे हिरवे कोंब वर आलेले असतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. जमिनीतील उरल्यासुरल्या ओलाव्यावर हे पीक वाढते, गुरे ते हिरवे चरतात, मळणीनंतर त्याचे कुटार बैलांच्या दावणीत पडते, आणि दाण्यांची डाळ व पीठ माणसांच्या ताटात जाते. वैरण आणि कडधान्य या दोन्ही नात्यांनी गरीब कोरडवाहू शेतकऱ्याला इतके कमी मागणारे दुसरे पीक या भागात नाही.

याच वनस्पतीची दुसरी कीर्ती माणसाला लुळे करणारी म्हणून आहे. लॅथिरस सॅटायव्हस असे शास्त्रीय नाव असलेल्या, उत्तरेस खेसारी अथवा तिवडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शिंबावंत वनस्पतीच्या दाण्यांवर दीर्घकाळ उदरनिर्वाह केल्यास कमरेखालचे अवयव ताठरतात आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. विष हा लाखोळीचा स्वभाव आहे की तिच्यातील एक कमीअधिक होणारा गुणधर्म आहे, आणि गुणधर्म असल्यास तो पिढ्यांतून कसा उतरतो, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ आनुवंशिकीचा वाटतो. परंतु ज्या प्रदेशात हे पीक कायद्याने वाळीत टाकले गेले तेथे या प्रश्नाच्या उत्तरावर हजारो एकरांचे भवितव्य अवलंबून होते. उत्तर मिळण्यास जो विलंब लागला त्याचा इतिहास म्हणूनच पाहण्याजोगा आहे.

रोगाची ओळख जुनी आहे. आयुर्वेदात कलायखंज नावाचा वातव्याधी सांगितला आहे, आणि सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात त्रिपुट नावाच्या धान्याने मनुष्य खंज व पंगू होतो असा निर्देश येतो. युरोपात वुर्टेंबर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये या पिठाच्या भाकरीस मनाई केली होती. नेपल्सच्या कान्तानी या वैद्याने १८७३ मध्ये रोगास लॅथिरिझम हे नाव दिले. परंतु भारतातील सर्वांत सूक्ष्म जुने वर्णन कोणा वैद्याचे नसून विल्यम स्लीमन या प्रशासकाचे आहे. सागर प्रांतात १८२९ साली गारांनी, १८३० साली अवर्षणाने आणि १८३१ साली तांबेऱ्याने गहू बुडाला. तिन्ही वर्षे तगली ती फक्त तिवडा. लोकांनी तिच्यावर दिवस काढले, आणि १८३३ पासून तरुण माणसे एकाएकी पायांनी अधू होऊ लागली. रोगाचा आघात मुख्यतः तिशीच्या आतील लोकांवर झाला, हेही स्लीमनने टिपून ठेवले आहे. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर मध्यप्रांतात रोगाची लाट पुन्हा उसळली. तिची पाहणी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील बुकॅनन या अधिकाऱ्याने केली, आणि १८९६ ते १९०२ या काळाचा त्यांचा अहवाल प्रांताच्या राजधानीत, म्हणजे नागपुरात, प्रसिद्ध झाला.

हे सारे निरीक्षक चाणाक्ष होते. रोग श्रीमंताला होत नाही, सालदाराला होतो. मजुरी धान्याच्या रूपाने खेसारीतच मिळते तेथे तो अधिक. पुरुषांत अधिक, स्त्रियांत कमी. ज्याच्या घरी तांदूळ-ज्वारी व थोडेफार दूधताक आहे तो बहुधा सुटतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी खाणाऱ्यांत भेद केला, परंतु खाल्लेल्या दाण्यांत केला नाही. एका गावची खेसारी दुसऱ्या गावच्या खेसारीहून कमी अथवा अधिक घातक असू शकेल, ही शंका त्यांच्या लिखाणात मूळ धरीत नाही. ज्या काळात वनस्पती म्हणजे एक अविभाज्य जातिस्वभाव असे मानले जाई, त्या काळात ती शंका सुचणे कठीणच होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात आनुवंशिकीचे नवे शास्त्र बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत पोचले, आणि तेथे या प्रश्नाला एक अनपेक्षित फाटा फुटला. अँडरसन, आल्बर्ट हॉवर्ड आणि सायमनसन या तिघांनी १९२५ मध्ये असे प्रतिपादन केले की दोष खेसारीचा नसून तिच्यात तणासारख्या मिसळणाऱ्या अकटा नावाच्या दुसऱ्या शिंबावंत वनस्पतीचा आहे. अकट्याच्या दाण्यांतून त्यांना विषारी द्रव्ये मिळाली होती, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत निवडून शुद्ध केलेली खेसारी निरुपद्रवी वाटली होती. निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. बदके, माकडे इत्यादी प्राण्यांत मानवी रोगाचे हुबेहूब प्रतिरूप सहजी उमटत नाही, ही अडचण तेव्हा पुरती उमगली नव्हती. तथापि या चुकीचे मोल कमी लेखू नये. बाजारातील खेसारीची रास म्हणजे एकजिनसी पदार्थ नव्हे, तिच्यात निरनिराळे घटक आहेत व ते वेगळे करून तपासले पाहिजेत, हा विचार प्रथमच प्रयोगशाळेत आला तो या चुकीच्या वाटेने.

त्याच परंपरेत गॅब्रिएल हॉवर्ड आणि अब्दुर रहमान खान यांनी १९२८ मध्ये खेसारीच्या भारतीय प्रकारांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. देशभरातून जमविलेल्या बियाण्यांतून त्यांनी छप्पन्न प्रकार वेगळे काढले. फुलांचा रंग निळा, गुलाबी की पांढरा, दाण्याचा आकार, सालीचा वर्ण व तिच्यावरील ठिपके यांच्या आधारे हे वर्गीकरण उभे होते. मध्यप्रांतात मोठ्या दाण्याची लाख आणि बारीक दाण्याची लाखोरी असा जो लौकिक भेद होता, त्यापलीकडे केवढे वैविध्य दडले आहे ते या कामामुळे दिसले. मात्र छप्पन्न प्रकारांच्या वर्णनात ज्या एका गुणावर पिकाचे बरेवाईट ठरायचे होते तो गुण नव्हता, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. विषद्रव्य कोणते हेच ठाऊक नसताना त्याचे मोजमाप होणार तरी कसे?

येथे याच प्रजातीतील दुसऱ्या एका वनस्पतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. लॅथिरस ओडोरेटस, म्हणजे बागेतील स्वीट पी, हिच्या फुलांचा रंग आणि परागकणांचा आकार हे दोन गुण स्वतंत्रपणे न उतरता जोडीने उतरतात असे बेटसन, साँडर्स आणि पनेट यांना १९०५ च्या सुमारास आढळले. सहलग्नतेच्या कल्पनेचा उगम तो हाच. मेंडेलचा वाटाणाही कुळाने लाखोळीचा निकटचाच आप्त. अशा घराण्यातील वनस्पतीत एखादा दृश्य गुण अदृश्य गुणाची खूण म्हणून सापडेल, पांढरे फूल पाहून निर्विष दाणा ओळखता येईल, ही आशा पुढील अर्धशतकभर संशोधकांना का खुणावीत राहिली, ते यावरून समजते.

या कुतूहलाला फळ येण्यापूर्वीच कायदा आला. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत फेब्रुवारी १९६१ मध्ये एक नवा नियम घालण्यात आला. त्यान्वये खेसारी व तिचे पदार्थ यांच्या विक्रीस बंदी करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. ज्या राज्याने तारीख जाहीर करावी तेथे तो लागू व्हावा, अशी त्याची घडण होती. नव्यानेच स्थापन झालेल्या महाराष्ट्राने तो लागू केला, मध्यप्रदेशाने केला नाही. विदर्भाच्या दृष्टीने या फरकाचा अर्थ विलक्षण होता. १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट, चांदा आणि दुर्ग हे एकाच प्रांताचे जिल्हे होते. त्यांची राजधानी नागपूर होती. त्यांच्या बांध्या, त्यांचा उतेरा आणि त्यांची लाखोळी एकच होती. राज्यपुनर्रचनेने आखलेल्या रेषेच्या अलीकडे तोच दाणा विकणे अपराध ठरले आणि पलीकडे तो हाटात उघड विकला जाऊ लागला. पेरणीस मनाई नव्हती, वैरणीसही नव्हती. म्हणून पीक शेतात राहिले आणि दाणा आडवाटेने बेसनात व तुरीच्या डाळीत मिसळून खपू लागला. कायद्याने एका नावावर बंदी घातली. नावाखाली किती विष आहे हे विचारण्याची त्यात तरतूद नव्हती, आणि त्या वर्षी तसा प्रश्न विचारला असता तरी उत्तर देऊ शकेल असे साधन कोणाजवळ नव्हते.

ते साधन लवकरच हाती आले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अडिगा, राव आणि शर्मा यांनी १९६३-६४ मध्ये लाखोळीच्या दाण्यांतून एक अमिनो आम्ल विलग करून त्याची रचना निश्चित केली. त्याच सुमारास दिल्लीतील मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमणियन हेही स्वतंत्रपणे त्याच द्रव्यापाशी पोचले. बीटा-एन-ऑक्झॅलिल-डायअमिनो-प्रोपियॉनिक आम्ल हे त्याचे लांबलचक नाव. व्यवहारात त्यास ओ.डी.ए.पी. म्हणतात. मज्जासंस्थेत संदेशवहन करणाऱ्या ग्लुटामिक आम्लाशी त्याचे साम्य आहे, आणि म्हणूनच ते मज्जापेशींना अतिउत्तेजित करून इजा पोचविते. हेच द्रव्य चीनमधील एका जिनसेंगवर्गीय औषधी वनस्पतीतही आढळते व तेथे ते रक्तस्राव थांबविणारे म्हणून नावाजलेले आहे, हा वनस्पतिरसायनशास्त्रातील एक मौजेचा योगायोग होय.

द्रव्य हाती येताच मोजणी सुरू झाली. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील नागराजन व गोपालन यांनी १९६८ मध्ये मध्यप्रदेशातील नमुन्यांतील ओ.डी.ए.पी.चे प्रमाण तपासून त्यांतील तफावत दाखवून दिली. पुढील सर्व पाहण्या एकत्र धरल्यास हे प्रमाण दाण्याच्या वजनाच्या सुमारे ०.१ टक्क्यापासून २.५ टक्क्यांपर्यंत पसरलेले दिसते. म्हणजे सर्वांत सौम्य व सर्वांत घातक दाण्यांत वीस-पंचवीस पटींचा फरक. बुकॅनन यांच्या काळी हा आकडा कोणी सांगितला असता तर विश्वास बसला नसता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जेसवानी, लाल आणि शिव प्रकाश यांनी मोठ्या संग्रहातून निवड करून १९७० मध्ये अल्पविष वंशांसंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुसा-२४ हा वाण त्यातूनच पुढे आला. त्यातील विषांश ०.२ टक्क्यांच्या आसपास होता. नेरकर यांनी १९७२ मध्ये किरणोत्सर्गादी उपायांनी उत्परिवर्तन घडवून अल्पविषाच्या दिशेने निवडीला प्रतिसाद मिळतो असे दाखविले. निवडीला प्रतिसाद मिळतो याचा अर्थ गुण अंशतः तरी आनुवंशिक आहे. केवळ मातीचा वा हवेचा खेळ नाही. पिकाच्या निर्दोषत्वाचा हा पहिला शास्त्रीय पुरावा म्हणावा लागेल.

याच टप्प्यावर एक मोह अनावर होता. जर्मनीत रायनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी १९२० च्या दशकाअखेरीस ल्युपिन या वैरणीच्या कडू शिंबावंत वनस्पतीची लक्षावधी रोपे एका झटपट रासायनिक कसोटीने तपासली आणि त्यांतून अल्कलॉइडरहित अशी मोजकी रोपे वेचून काढली. गोड ल्युपिन जन्मास आले ते असे. ती गोडी एकेका अप्रभावी जनुकाची करणी होती, त्यामुळे ती एकदा शुद्ध स्वरूपात हाती लागली की टिकविणे सोपे होते. लाखोळीतही असाच एखादा दुर्मीळ अप्रभावी जनुक कोठेतरी दडला असेल, तो शोधावा की काम झाले, असे वाटणे साहजिक होते. दहिया यांनी १९७६ मध्ये दाण्याचे बाह्य रूप हे अल्पविषाचे निदर्शक होऊ शकेल असे सुचविले, तेही याच आशेला पोषक होते.

लाखोळीने ही आशा पुरविली नाही. जगभरच्या संग्रहांतील सहस्रावधी नमुने तपासून झाले, तरी संपूर्ण निर्विष असे एकही रोप आढळलेले नाही. संकरांचे निष्कर्षही ल्युपिनसारखे आले नाहीत. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात तिवारी आणि कॅम्पबेल यांनी अधिक, मध्यम व अल्प विषांशाच्या वंशांचे परस्पर संकर घडवून १९९६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते या बाबतीत विशेष बोधप्रद आहेत. फुलांचा निळा रंग पांढऱ्या व गुलाबी रंगांवर प्रभावी ठरला. हे मेंडेलच्या चौकटीत बसणारे होते. विषांशाच्या बाबतीत मात्र दुसऱ्या संकरज पिढीत तीनास एक असे ठळक वर्ग पडले नाहीत. अल्पापासून अधिकापर्यंत अखंड श्रेणी मिळाली. अशी श्रेणी हे अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाचे लक्षण होय. जो गुण उत्पन्नाप्रमाणे परिमाणात्मक रीतीने उतरतो, त्यासाठी एक रोप शोधून काम भागत नाही. पिढ्यान् पिढ्या निवड करावी लागते.

त्याच प्रयोगांत आणखी एक गुंतागुंत दिसली. कोणता वंश मादी म्हणून वापरला व कोणता नर म्हणून, यावरही काही संकरांत फरक पडत होता. हे समजण्यासाठी दाण्याच्या घडणीकडे पाहिले पाहिजे. शेंगेचे टरफल व दाण्याची साल ही आईच्या ऊतकाची असतात. आतील दाळी व अंकुर मात्र पुढच्या पिढीचे. विषद्रव्याची घडण केवळ दाळीतच होत नसेल व त्याचा पूर्वगामी घटक अंशतः शेंगेच्या अथवा पानांच्या मार्गाने येत असेल, तर संकरित दाण्यात मोजलेला आकडा हा दाण्याचा स्वतःचा की आईचा, हे ठरविणे अवघड होते. म्हणून एकेका दाण्याच्या पृथक्करणावरून वर्ग पाडणाऱ्या जुन्या निष्कर्षांकडे सावधपणे पाहावे लागते. मोजण्याच्या साधनांची मर्यादाही येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. आरंभी हे प्रमाण कागदी क्रोमॅटोग्राफी व विद्युतसंचलन अशा मंदगती रीतींनी काढले जाई. एस. एल. एन. राव यांनी १९७८ मध्ये रंगमापनाची संवेदनक्षम पद्धत दिली, तेव्हा कोठे शेकडो दाणे एका हंगामात तपासणे आवाक्यात आले. १९६४ साली द्रव्य सापडले आणि विश्वसनीय आनुवंशिक पृथक्करणास १९९६ साल उजाडले, यातील तीन दशकांचा काही भाग तरी या अडचणीच्या नावे मांडला पाहिजे. उरलेला भाग बंदीच्या नावे मांडावा लागेल. ज्या पिकाचा दाणा विकणेच गुन्हा, त्याच्या सुधारणेसाठी पैसा व माणसे मिळत नाहीत. हे कोणी लिहून ठेवीत नाही, पण घडते ते असेच.

परिस्थितीचा परिणाम हा या गुणाच्या अभ्यासातील तिसरा पेच. एकाच वाणातील विषांश एका स्थळी कमी व दुसऱ्या स्थळी दुप्पट निघतो, हे सत्तरच्या दशकातच दहिया व जेसवानी यांनी निदर्शनास आणले होते. पुढे असे आढळले की पाण्याचा ताण पडला की ओ.डी.ए.पी. वाढते. बेल्जियममधील घेंट येथील लाम्बाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जस्ताची उणीव व लोहाचे आधिक्य यांमुळेही ते वाढते असे दाखविले. विदर्भाच्या संदर्भात हा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. धानाच्या बांधीत महिनोन् महिने पाणी साचून राहते. अशा जमिनीत विद्राव्य लोह वाढते आणि जस्त पिकास दुर्मीळ होते. धान निघाल्यावर तीच जमीन झपाट्याने सुकते. म्हणजे उतेऱ्याची लाखोळी वाढते ती नेमकी अशा स्थितीत की जेथे तिच्यातील विष वाढण्याची सर्व कारणे एकत्र येतात. स्लीमनच्या वर्णनातही अवर्षणाचे वर्ष आहेच. दुष्काळात माणूस लाखोळी अधिक खातो एवढेच नव्हे, तर दुष्काळातील लाखोळी स्वतःच अधिक विषारी असते.

उत्पन्नाच्या गुणांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे लाखोळीचे वर्तन इतर कडधान्यांसारखेच आहे. दर रोपास शेंगांची संख्या हा दाण्याच्या उत्पन्नाचा मुख्य घटक. शंभर दाण्यांचे वजन व फुलोऱ्यास लागणारे दिवस हे गुण बऱ्यापैकी आनुवंशिक, तर एकूण उत्पन्न पुष्कळसे परिस्थितीच्या अधीन. वैरणीच्या दृष्टीने फांद्या व पाला महत्त्वाचा; परंतु पाल्यासाठी निवडलेले रोप उशिरा फुलते, आणि उतेऱ्याच्या अल्प ओलाव्यात उशीर म्हणजे दाण्याची हानी. दोन्ही हेतू एका वाणात साधणे म्हणूनच जिकिरीचे. विष पाल्यातही असते, विशेषतः कोवळ्या पाल्यात. तथापि रवंथ करणाऱ्या जनावरांना ते घोड्याइतके बाधत नाही. अल्पविष व अधिक उत्पन्न यांत अभेद्य विरोध आहे असे मात्र कोठे सिद्ध झालेले नाही, आणि हीच पैदासकाराच्या दृष्टीने दिलाशाची गोष्ट होती.

त्या दिलाशाचे प्रत्यक्ष फळ गेल्या शतकाच्या अखेरीस दिसले. दिल्लीत मेहता व संथा यांनी पुसा-२४ च्या ऊतकसंवर्धनातून निघालेल्या भिन्न रोपांची निवड केली. त्यांतील एक वंश रतन या नावाने प्रसारित झाला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात एल.एस.-८२४६ आणि ए-६० यांच्या संकरातून प्रतीक हा वाण तयार झाला, आणि त्यानंतर महातिवडा आला. तिन्हींतील विषांश ०.१ टक्क्याच्या खाली असल्याचे नोंदलेले आहे. एकेकाळी नागपूरच्या प्रशासनाखाली असलेल्या रायपुरात, जेथे बंदी कधी लागू झाली नाही तेथे, सुधारित वाण निर्माण व्हावेत आणि बंदी असलेल्या विदर्भात जुनेच बी पेरले जात राहावे, यात नवल करण्यासारखे काही नाही.

शेतात गेल्यावर या वाणांचे काय होते, हा प्रश्न शिल्लक राहतो. लाखोळी सामान्यतः स्वपरागित मानली गेली, परंतु तिच्या फुलांवर मधमाश्या येतात. परपरागणाचे प्रमाण निरनिराळ्या प्रयोगांत निरनिराळे निघाले असून काहींत ते चतुर्थांशाहूनही अधिक आढळले. ल्युपिनच्या बाबतीत अप्रभावी जनुक दुहेरी झाला की गोडी पक्की. लाखोळीच्या बाबतीत शेजारच्या बांधीतील जुन्या बियाण्याचे पराग दर हंगामी थोडेथोडे विष परत आणतात. त्यातच उतेऱ्यात आदल्या वर्षी गळलेले दाणे आपोआप उगवतात, आणि शेतकरी बी घरचेच राखतो. विश्वविद्यालयाच्या प्रक्षेत्रावरील ०.१ टक्का हा आकडा पाच वर्षांनी गोंदियाच्या बांधीत किती राहील, हे वाणाच्या नावावरून सांगता येत नाही. ते त्या बांधीतील दाणे मोजूनच सांगावे लागते.

नागपुरातून बंदीविरुद्ध झालेल्या लढ्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी उपोषणे, निवेदने व न्यायालयीन अर्ज या मार्गांनी अनेक वर्षे हा प्रश्न धसास लावला. पूर्व विदर्भात लोक ही डाळ पिढ्यान् पिढ्या खात आले आहेत आणि ती खाणारे सारे काही लुळे पडलेले नाहीत, हा त्यांच्या बाजूचा ठळक मुद्दा होता. तो खरा आहे. अलीकडील पाहण्यांत नवे रोगी क्वचितच आढळतात, आणि तांदळासोबत वरणापुरती खाल्लेली लाखोळी व दुष्काळात केवळ तिच्यावर काढलेले चार महिने यांत अंतर आहे, हे बुकॅनन यांच्यापासून राव यांच्यापर्यंत सर्वांनी मान्य केले आहे. परंतु लोक खातात म्हणून दाणा निरुपद्रवी, हे अनुमान मात्र बंदीमागील अनुमानाइतकेच ढोबळ आहे. एकाने सर्व लाखोळी विषारी मानली, दुसऱ्याने सर्व लाखोळी निर्दोष मानली. पंचवीस पटींची तफावत दोघांच्याही हिशेबातून निसटली.

महाराष्ट्रातील बंदी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिथिल झाली. केंद्रीय नियम मात्र २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही जवळजवळ जुन्याच शब्दांत उतरला, आणि अधिकार पूर्ववत राज्यांकडेच राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक व महातिवडा या तीन वाणांना अनुकूल मत दिल्याचे २०१६ च्या आरंभी जाहीर झाले, तेव्हा खेसारीसंबंधीच्या चर्चेत प्रथमच पिकाऐवजी वाणांची नावे आली. त्यानंतरच्या काळात लाखोळीच्या जनुकसंचाचे वाचन झाले असून ओ.डी.ए.पी. घडविणाऱ्या विकरांचा मागही लागला आहे; ज्याला आजवर अनेक जनुकांचा संमिश्र परिणाम एवढेच म्हणता येत होते, त्यातील एकेक जनुक आता नावानिशी तपासता येऊ लागला आहे. पूर्व विदर्भातील स्थानिक बियाण्यांचा, बांधी-बांधीतील माती व ओल यांच्या नोंदीसह, असा अभ्यास होणे अद्याप शेष आहे. त्यासाठी लागणारे बी मात्र दर आश्विनात धानाच्या ओळींमध्ये पूर्वीसारखेच फेकले जाते.